पावती मिळते, पण काय घेतलं ते पावतीवर नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीतल्या पैशावर काहीही छापून आलं की त्यावर दोनच प्रकारची पत्रं येतात हे मी बरीच वर्षं बघतोय. पहिला प्रकार म्हणजे सगळे विकले गेलेत, सगळे एका माळेचे मणी. दुसरा प्रकार म्हणजे आरोप करायला काय जातंय, अमुक देणगी आली म्हणून तमुक मत फिरलं असं एक तरी उदाहरण पुराव्यासकट दाखवा. मला आता दोघांचाही कंटाळा आलाय. पहिल्याला काही सिद्ध करायचंच नसतं, आणि दुसऱ्याला पक्कं ठाऊक असतं की असा पुरावा सहसा सापडत नाही, म्हणूनच तर तो मागतो.

माझं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. या कामात एक गोष्ट लवकर कळते, की व्हाउचर असलेला व्यवहार पकडणं सोपं असतं, पण जी गोष्ट व्हायला हवी होती आणि झालीच नाही ती कुठल्याच वहीत नसते. वसुलीची नोटीस पाठवायची होती, पाठवली नाही, आता त्याचं व्हाउचर कुठून आणणार? बडे देणगीदार आणि लॉबिस्ट (म्हणजे कंपन्या-संघटनांचं म्हणणं खासदारांच्या गळी उतरवायचा धंदा करणारे) यांच्याबद्दल बोलताना आपण सगळे असंच व्हाउचर शोधत बसतो, कोर्टंसुद्धा तेच शोधतात, आणि पैसा तोवर भलत्याच दाराने आत जाऊन आपलं काम उरकून येतो.

अमेरिकेपासून सुरुवात करतो कारण तिथे निदान बरंचसं कागदावर असतं. मिक मल्व्हेनी म्हणून एक गृहस्थ, आधी साउथ कॅरोलिनाचे खासदार, मग ट्रम्प सरकारात मोठ्या पदावर. २०१८ च्या एप्रिलमध्ये बँकवाल्यांच्या एका परिषदेत त्यांनी सरळ सांगून टाकलं की खासदार असताना आमच्या ऑफिसात एक उतरंड होती, ज्या लॉबिस्टने आम्हाला कधी पैसे दिले नाहीत त्याच्याशी मी बोलत नव्हतो, ज्याने दिले त्याच्याशी कदाचित बोललो असतो. पुढे ते असंही म्हणाले की मतदारसंघातून कोणी येऊन बसलं तर त्याच्याशी मी न चुकता बोलायचो, हेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच वाक्य उचललं म्हणाल. पण आपल्या भागातून उठून राजधानीपर्यंत जाऊन ऑफिसच्या सोफ्यावर बसणारी माणसं किती, आणि तोच रोजचा धंदा असलेले लॉबिस्ट किती, हे ज्याचं त्याने बघावं.

बरं हे एका तोंडाळ माणसाचं बोलणं म्हणून सोडून देऊ. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग केला होता. एका संघटनेमार्फत १९१ खासदारांच्या ऑफिसांना भेटीची विनंती गेली, मजकूर सारखाच, फरक एवढाच की काही ऑफिसांना सांगितलं भेटायला येणारे तुमच्या भागातले मतदार आहेत आणि काहींना सांगितलं येणारे तुमच्या भागातले देणगीदार आहेत. मतदार म्हटल्यावर खुद्द खासदार किंवा त्यांचा मुख्य सहायक भेटायला तयार झाला असं २.४ टक्के वेळा झालं. देणगीदार म्हटल्यावर १२.५ टक्के. आणि गंमत म्हणजे किती देणगी, कोणाला दिली, काहीच सांगितलं नव्हतं, नुसता शब्द बदलला होता. यात लाच कुठे आहे? कुठेच नाही. कोणी कायदा मोडला नाही, कोणी मत विकलं नाही. फक्त कोणाचं म्हणणं साहेबांच्या कानावर जाणार आणि कोणाचं खालच्या टेबलावर पडून राहणार ते ठरलं.

आणि हेच नेमकं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भ्रष्टाचाराच्या व्याख्येतून बाहेर काढून ठेवलंय. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ या निकालात कोर्टाने देणगीवर मर्यादा चालेल पण खर्चावर मर्यादा चालणार नाही असं ठरवलं, का तर खर्च म्हणजे एक प्रकारे बोलणंच आहे. मग २०१० च्या जानेवारीत सिटिझन्स युनायटेड खटल्याचा ५ विरुद्ध ४ असा निकाल आला की कंपन्या आणि युनियन यांनाही स्वतंत्रपणे हवा तेवढा प्रचारखर्च करू द्यावा, आणि त्यात न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलं की लोकप्रतिनिधींपर्यंत कोणाची पोच आहे किंवा कोणाचं त्यांच्यावर वजन आहे म्हणून ते भ्रष्ट ठरत नाहीत. त्याच वर्षी खालच्या कोर्टाच्या आणखी एका निकालातून सुपर पॅक नावाचा प्रकार जन्माला आला. म्हणजे उमेदवाराच्या हातात थेट द्यायचे असतील तर २०२४ च्या निवडणुकीत एका माणसाला प्राथमिक फेरीसाठी ३,३०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी ३,३०० डॉलर एवढीच मुभा, पण त्याच उमेदवारासाठी बाहेरून प्रचार करणाऱ्या सुपर पॅकला कितीही द्या. अट एकच, उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. आता ते सुपर पॅक बऱ्याचदा त्याच उमेदवाराचे जुने सहकारी चालवतात, त्यामुळे एकमेकांच्या मनातलं ओळखायला फोन कशाला लागतोय. इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यासाठी २५ कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि निवडणुकीनंतर सरकारी खात्यांची काटछाट करायचं काम त्यांच्याकडेच आलं. हेही सगळं उजेडात झालं, लपूनछपून काहीच नाही.

सुपर पॅकबद्दल सगळे बोलतात, पण मला जास्त त्रास होतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा, जिची फारशी चर्चाच होत नाही, ती म्हणजे फोन. डेमोक्रॅटिक पक्षाने नव्याने निवडून आलेल्या खासदारांना दिवसाचं एक नमुना वेळापत्रक दाखवलं होतं, ते २०१३ मध्ये बाहेर आलं. त्यात रोजचे चार तास "कॉल टाइम". म्हणजे देणगीदारांना फोन करून पैसे मागायचे. कमिटीचं काम आणि सभागृहात बसणं मिळून दोन तास, मतदारांच्या भेटी एक-दोन तास, आणि पैसे मागणं चार तास! रिपब्लिकन पक्षात वेगळं आहे अशातला भाग नाही. सरकारी ऑफिसातून पैसे मागायला कायद्याने बंदी, म्हणून दोन्ही पक्षांनी संसदेजवळच फोन करायच्या जागा करून ठेवल्यात, तिथे खासदार हेडफोन लावून समोर यादी घेऊन बसतो आणि एकेक नंबर लावतो.

आता विचार करा. कोणीही धडधाकट, बऱ्यापैकी प्रामाणिक माणूस घ्या आणि त्याला वर्षानुवर्षं रोज चार तास फक्त अशा लोकांशी बोलायला लावा ज्यांना हजारो डॉलर सहज देता येतात. ते लोक वाईट असतील असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्या काळज्या वेगळ्या असतात, त्यांना टॅक्सचा त्रास असतो, नियमांचा त्रास असतो, कोणत्या खात्यात फाइल अडली त्याचा त्रास असतो. औषधाचे पैसे भरायचे की घरभाडं हा प्रश्न त्या यादीतल्या एकाही माणसाच्या तोंडून येत नाही. काही वर्षांनी त्या खासदाराला मनापासून वाटायला लागतं की देशात सगळीकडे याच गोष्टीची चर्चा आहे. त्याला कोणी विकत घेतलेलं नसतं हो, त्याच्या कानात रोज एकच आवाज गेलेला असतो. आणि याचं व्हाउचर कुठे? फोनचं बिल येतं, बस.

२०१७ मध्ये टॅक्स कमी करायचं विधेयक संसदेपुढे होतं तेव्हा क्रिस कॉलिन्स नावाचे न्यूयॉर्कचे खासदार पत्रकारांना म्हणाले होते, माझे देणगीदार सांगतायत की एकतर हे करून टाका नाहीतर परत फोन करू नका. इतका प्रांजळपणा दुर्मीळ. त्याच्याही आधीचं उदाहरण चार्ल्स कीटिंग यांचं. १९८० च्या दशकातले बचत-कर्ज संस्थेचे मालक, पाच सिनेटरांना आणि त्यांच्या संबंधित संस्थांना मिळून १३ लाख डॉलर दिले होते, पाचही जणांनी कीटिंगच्या संस्थेची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बैठका घेतल्या, १९८९ मध्ये संस्था बुडाली आणि सरकारला २ अब्ज डॉलरच्या वर भुर्दंड बसला, ठेवीदारांची वाट लागली ती वेगळीच. तुमच्या पैशाचा या सिनेटरांवर परिणाम झाला का असं विचारल्यावर कीटिंगचं उत्तर होतं, झाला असेल अशी माझी खरोखरच आशा आहे. देणाराच असं म्हणतोय तर घेणाऱ्यांच्या वकिलांनी कशाला एवढा आव आणायचा.

पण मी म्हटलं तसं, पैशाचं सगळ्यात मोठं काम झालेल्या गोष्टीत दिसतच नाही, न झालेल्या गोष्टीत दिसतं. अमेरिकेत "कॅरीड इंटरेस्ट" नावाची एक पळवाट आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर गुंतवणूक फंड चालवणाऱ्यांना जो नफ्यातला वाटा मिळतो तो खरं म्हणजे त्यांच्या कामाचा मोबदला, पण त्यावर पगारासारखा टॅक्स न लागता भांडवली नफ्याचा कमी टॅक्स लागतो. ओबामा म्हणाले बंद करतो, ट्रम्प २०१६ च्या प्रचारात म्हणाले बंद करतो, बायडन म्हणाले बंद करतो. तीन राष्ट्राध्यक्ष, दोन पक्ष, एकमत! आणि पळवाट अजून आहे. २०२२ मध्ये अगदी विधेयकात ती आवळायची तरतूद आली होती, पण सिनेटर कर्स्टन सिनेमा यांनी ती काढायला लावली कारण त्यांच्या मताशिवाय विधेयक पास होत नव्हतं. त्यांना गुंतवणूक क्षेत्रातून भरघोस देणग्या आल्या होत्या हे तेव्हा छापूनही आलं, त्यांचं म्हणणं देणगीचा आणि मताचा काही संबंध नाही. नसेलही. मला त्यांच्या मनात शिरता येत नाही आणि कोर्टालाही येत नाही. मी फक्त एवढंच बघतो की ज्या गोष्टीवर सगळे जाहीरपणे एक झालेत तीही होत नाही.

लोक हमखास विचारतात, पैशाने निवडणूक जिंकता येते तर मायकेल ब्लूमबर्ग का हरले? बरोबर आहे. २०२० च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून १ अब्ज डॉलर ओतले आणि जिंकले काय तर एकटं अमेरिकन समोआ, पॅसिफिकमधला एक चिमुकला प्रदेश. पण ब्लूमबर्ग यांना स्वतः खुर्चीवर बसायचं होतं, आणि ज्याला खरंच काम करून घ्यायचं असतं तो कशाला खुर्चीवर बसतोय. क्रिप्टो, म्हणजे डिजिटल चलनाच्या कंपन्यांचं बघा. फेअरशेक नावाचा त्यांचा सुपर पॅक आणि त्याच्या जोडीच्या संस्थांनी २०२४ मध्ये मिळून १३ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला. त्यातले ४ कोटी एकट्या ओहायोत, सिनेटच्या बँकिंग कमिटीचे अध्यक्ष शेरॉड ब्राऊन यांना पाडायला. ब्राऊन पडले. ते फक्त या पैशामुळेच पडले असं मी म्हणणार नाही, राज्यच रिपब्लिकन पक्षाकडे झुकलं होतं. पण गंमत अशी की या जाहिरातींमध्ये क्रिप्टो हा शब्द जवळपास नसायचाच! दुसरेच विषय, नोकऱ्या, सीमा वगैरे, ज्याने मत हलेल ते. म्हणजे मतदाराला पत्ताच नाही की हा पैसा कुठल्या भांडणातला आहे. पत्ता कोणाला, तर बाकीच्या सगळ्या सिनेटरांना. निवडणूक संपल्यावर थोड्याच दिवसांत याच मंडळींनी जाहीर केलं की पुढच्या निवडणुकीसाठी आमच्याकडे १० कोटींच्या वर डॉलर तयार आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांना हवा असलेला स्टेबलकॉइनचा (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेल्या क्रिप्टोचा) कायदा झाला, ब्राऊन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या बऱ्याच सिनेटरांनी त्याला मतं दिली. त्यातल्या कितींना कायदा खरंच पटला आणि किती जण ओहायोकडे बघून शहाणे झाले, हे कुठल्या रजिस्टरमध्ये बघायचं? एका ठिकाणी खर्च केलेला पैसा दहा ठिकाणी न खर्चता काम करतो. ब्लूमबर्गचं उदाहरण देणाऱ्यांनी यावर जरा बोलावं.

लॉबिस्ट या प्राण्याबद्दल थोडं. आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात, ते पूर्ण खरं नाही. खासदाराच्या ऑफिसात चार पोरं असतात, विशीतली, त्यांच्यापुढे एक हजार पानांचं विधेयक येतं, आणि ते समजावून सांगणारा एकच माणूस हसतमुखाने हजर असतो, तो लॉबिस्ट. त्याला विषय खरंच कळतो, दुरुस्तीचा मसुदाही तयार करून आणतो. अमेरिकेत केंद्र पातळीवर नोंदवलेला लॉबिंगचा खर्च अलीकडे वर्षाला ४ अब्ज डॉलरच्या वर असतो आणि १९९५ च्या कायद्याने या लोकांना नोंदणी करावी लागते. अडचण अशी की हाच माणूस संध्याकाळी त्याच खासदारासाठी निधीसंकलनाची मेजवानी ठेवतो. स्वतः मर्यादेत राहून देतो, पण ओळखीच्या पन्नास जणांकडून चेक गोळा करून गठ्ठा आणून देतो, त्याला तिकडे बंडलर म्हणतात. धाकट्या बुश यांच्या प्रचारात तर १ लाख डॉलर जमवणाऱ्याला पायोनियर आणि २ लाख जमवणाऱ्याला रेंजर अशा पदव्याच होत्या. जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टने २००६ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर बोंब झाली, २००७ मध्ये कायदा आला की लॉबिस्टने गोळा केलेल्या गठ्ठ्यांची नावं जाहीर करा. लॉबिस्ट नसलेल्या बंडलरला मात्र ते लागू नाही. दार बंद केलं, खिडकी उघडी.

हे फक्त अमेरिकेचं आहे असं कोणी समजू नये. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींचे बर्नी एक्लस्टन यांनी लेबर पक्षाला १० लाख पाउंड दिलेले होते, पक्ष सत्तेवर आला आणि तंबाखूच्या जाहिरातबंदीतून फॉर्म्युला वनला सूट द्यायचं ठरलं. बभ्रा झाल्यावर पैसे परत केले. जर्मनीत हेल्मुट कोल यांनी पक्षासाठी गुपचूप घेतलेल्या १५ ते २० लाख मार्कांचे देणगीदार शेवटपर्यंत सांगितले नाहीत, म्हणे शब्द दिलाय. देशाचा कायदा सांगतो नावं सांगा, आणि सोळा वर्षं चॅन्सलर राहिलेला माणूस सांगतो मी शब्द दिलाय. त्याच जर्मनीत १९८० च्या दशकात फ्लिक उद्योगसमूहाचं प्रकरण गाजलं, सगळ्या मोठ्या पक्षांना वर्षानुवर्षं पाकिटं, आणि त्यांच्या एका बड्या अधिकाऱ्याने त्याला नाव दिलं होतं "राजकीय जमिनीची मशागत". मला हा शब्द फार आवडला, अगदी तंतोतंत आहे. मशागत करणारा विशिष्ट दिवशी विशिष्ट दाणा मागत नाही. तो नांगरून ठेवतो, खत घालतो, पीक आपोआप येतं. आणि मग तुम्ही त्या एका दाण्याचं व्हाउचर मागता.

आता आपल्याकडे. आपल्याकडच्या इतिहासातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमावलीत बदल करायचं ठरवलं आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात अडसर नाही म्हणून परवानगी दिली, पण देताना बजावून ठेवलं की हा धोका झपाट्याने वाढू शकतो आणि एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळू शकतो, संसदेने यात लक्ष घालावं. १९५७ साली! तेव्हा आपल्या फक्त दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या.

संसदेने लक्ष घातलं खरं, पण कसं ते बघा. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी. पण पक्षांना पैसा पुरवायची दुसरी कायदेशीर सोय काही केली नाही, मग पैसा थांबला का, तर नाही, फक्त चेक गेले आणि ब्रीफकेस आली. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरा. लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. १९८५ मध्ये कंपन्यांना परत मुभा. आज लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, म्हणजे घागरीला झाकण आणि बूड गायब.

मग इलेक्टोरल बाँड आले. २०१७ च्या बजेटमध्ये घोषणा, २०१८ पासून अंमल, सांगितलं काय तर काळ्या पैशाला आळा. स्टेट बँकेत जायचं, बाँड घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव कुठेच नाही. सोबत आणखी एक गोष्ट गुपचूप झाली, कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही अट काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा कोट्यवधी देऊ शकणार. हिशेब तपासणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तोट्यातली कंपनी देणगी देते तेव्हा पहिला प्रश्न कोणता पडतो. १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंत बाँड होते, सामान्य माणसाने द्यावेत म्हणून छोटे, पण विकले गेले त्यातले किमतीने ९० टक्क्यांहून जास्त १ कोटीचेच. एकूण विक्री साडेसोळा हजार कोटींच्या घरात.

नाव कुठेच नाही म्हणतो खरं, पण बाँडवर एक नंबर होता जो फक्त अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात दिसायचा, आणि बँक सरकारी. म्हणजे ज्याला कळायला नको होतं त्या मतदाराला कळत नव्हतं आणि बाकी ज्यांनी मनात आणलं असतं त्यांना कळलं असतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली, त्या निकालात कोर्टाने अगदी स्वच्छ म्हटलं की पैसा देणाऱ्याला टेबलावर जागा मिळते आणि त्या जागेचं पुढे धोरणावरच्या वजनात रूपांतर होतं. अमेरिकन कोर्ट ज्याला भ्रष्टाचार मानायला तयार नाही ते आपल्या कोर्टाने ओळखलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. पुढे याद्या बाहेर आल्या, सगळ्यात जास्त बाँड घेणारी कंपनी लॉटरीची निघाली, १,३६८ कोटी. काही कंपन्यांवर तपास यंत्रणांच्या धाडी आणि बाँड खरेदी यांच्या तारखा शेजारीशेजारी असल्याचं पत्रकारांनी दाखवलं. आणि मग काय? याची विशेष पथकाकडून चौकशी व्हावी ही मागणी सुप्रीम कोर्टानेच २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली, निव्वळ संशयावरून अशी चौकशी नाही, नेहमीचे कायदेशीर मार्ग आहेत ते वापरा. आलो परत व्हाउचरवर.

उपाय काय, तर सगळ्या जगाने काही ना काही करून बघितलंय. कॅनडा, फ्रान्स, ब्राझील यांनी कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, ब्राझीलमध्ये तर कोर्टानेच २०१५ मध्ये. फ्रान्समध्ये एका माणसाने पक्षांना वर्षाला ७,५०० युरोच्या वर द्यायचे नाहीत. सिॲटल शहरात मतदाराला २५ डॉलरची चार व्हाउचर घरपोच येतात, ती तुम्ही आवडेल त्या उमेदवाराला द्या, पैसे शहर देतं (हे व्हाउचर मात्र मला फार आवडलं). न्यूयॉर्क शहरात रहिवाशाच्या छोट्या देणगीवर एकास आठ सरकारी भर मिळते, त्यामुळे उमेदवाराला बड्या मेजवानीपेक्षा साध्या लोकांत फिरणं परवडायला लागतं. बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर मोठी मोहीम चालवून दाखवली. यात भोकं आहेतच, छोट्या देणगीसाठीही सारखं भडकवणारं बोलावं लागतं आणि श्रीमंत माणूस सुपर पॅकच्या वाटेने परत येतोच. आपल्याकडे १९६९ ची नुसती बंदी काय करते ते आपण बघितलंय, त्यामुळे फक्त बंदी घाला म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. दुसरा पैसा कुठून येणार ते आधी सांगा, मग बंदी घाला. शिवाय आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही, ना नोंदणी ना रजिस्टर, कोण कोणत्या मंत्र्याला कशासाठी भेटलं याची यादी कुठे मिळत नाही. निदान ती भेटीची वही तरी उघडा, त्याला तर काही खर्चही नाही.

आणि दुसरं, वेळ. आपल्या पक्षांना २० हजारांच्या वरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते, पण ती आर्थिक वर्ष संपल्यानंतर काही महिन्यांनी. एप्रिल-मेमध्ये मतदान झालं तर त्या प्रचारात आलेल्या पैशाची नावं पुढच्या वर्षी बघायला मिळणार, तेव्हा सरकार बसून वर्ष झालेलं असतं. अमेरिकेतही काही सुपर पॅक अगदी मतदानाच्या तोंडावर काढतात, का तर अहवालाची तारीख मतदानानंतर पडते. माल घरी पोचल्यावर बिल दाखवायचा हा प्रकार आहे. पक्षांकडे आज सगळं कॉम्प्युटरवर असतं, बँकेत पैसे आल्याचा मेसेज दोन सेकंदांत येतो, मग यादी दर आठवड्याला लावायला नेमकं काय अडतं हे मला कोणी सांगेल का.

संपादकसाहेब, तुमच्याकडे एक विनंती. प्रचाराच्या काळात तुम्ही रोज एक पान सभा, रोड शो, कोण काय बोललं यावर घालता. त्यातला एक कॉलम पक्षांकडून दर आठवड्याला त्यांच्या पहिल्या वीस देणगीदारांची नावं मागण्यासाठी ठेवा. देणार नाहीत हे मलाही माहीत आहे. तरी पक्षाचं नाव छापा आणि समोर रिकामी जागा सोडा, "विचारलं, दिलं नाही" एवढंच खाली लिहा. न झालेल्या गोष्टीची नोंद कशी करायची हा प्रश्न मला नोकरीत कधी सुटला नाही, पण पेपरात रिकामा चौकोन छापता येतो हे मात्र मी बघितलंय.

पत्र फारच लांबलं, काटछाट करणार असाल तर अमेरिकेचं हवं तेवढं उडवा पण छागलांचं ठेवा.

आपला,
एक निवृत्त हिशेब तपासनीस